लशीनंतरचे दही

दह्याची वाटी समोर आली की ती केस मला आजही आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, बंदोबस्तात उन्हातान्हात पाय मोडेस्तोवर उभा राहिलो. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. पण ज्या केसमध्ये रक्ताचा थेंब सांडला नाही आणि कुणी कुणावर हात उचलला नाही, तीच नेमकी डोक्यात घर करून बसली आहे. नावे कुणाचीच लिहीत नाही. ज्यांनी भोगले त्यांना ती ठाऊक आहेत, बाकीच्यांना ती घेऊन करायचे काय?

तेव्हा मी पुण्याच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. मांजरी गावाचा काही भाग आमच्या हद्दीत यायचा. एकीकडे ऊस, दुसरीकडे नव्या सोसायट्या, आणि दोन्हींच्या मध्ये भाड्याच्या खोल्यांतून राहणारी, विदर्भातून पोटासाठी आलेली माणसे. यांतले काही जण साखर कारखान्यांत फिटर, वेल्डर म्हणून तयार झालेले. अशा माणसांना आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांकडून बोलावणे येते, हे बाहेरच्यांना फारसे माहीत नसते. हंगामापुरते जायचे, यंत्रे चालवायची, चार पैसे गाठीला बांधून परत यायचे. माणसे गोळा करून पाठवणारे एजंट असतात. आमच्या हद्दीतला एजंट गावातलाच होता, जमिनी विकून बंगला बांधलेला. बोलायला गोड, प्रत्येकाच्या लग्नाकार्यात हजर.

सकाळची हजेरी आटोपून मी ठाण्यात शिरलो, तर आमचे अंमलदार एका बाईला समजावत होते, "ताई, हे आमच्याकडे येत नाही. तुम्ही ग्राहक मंचात जा." बाई जागची हलत नव्हती. ग्राहक मंच कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि जायचेही नव्हते. मी तिला आत बोलावले.

"माह्या नवऱ्याले तिकडं आफ्रिकेत कॉलरा झाला, साहेब," ती म्हणाली. "मरता मरता वाचला. जायच्या आधी एजंटनं लस पाजली होती. दोन खेपा पाजली. मंग झालाच कसा?"

आमचे अंमलदार दारातून म्हणाले, "लस घेतली म्हणजे आजार होतच नाही असं थोडंच असतं?" बोलणे चुकीचे नव्हते. मीही मनात तेच म्हणत होतो.

"मले केस-गिस काही नाही करायची," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात माहा भाऊ चालला, त्याच एजंटकडून. लशीची पहिली खेप त्यानंच पाजली त्याले. लस खोटी असन तर परमिट तरी खरं कायवरून? भावानं इथली फिटरची नोकरी सोडली. आता त्याले जाऊ देऊ का नको, तेवढंच सांगा."

तक्रार घेऊन येणारी माणसे न्याय मागतात, सूड मागतात, कधी नुसती ऐकून घ्या म्हणतात. ही बाई एका प्रश्नाचे उत्तर मागत होती, आणि त्या उत्तरावर तिच्या भावाचा जीव होता. मी तिचा अर्ज घेतला आणि तिला म्हणालो, "उत्तर मी देईन. तोवर भावाला एजंटशी भांडू देऊ नका." हे सांगायचे कारण साधे होते. एजंट बिथरला की त्याच्या घरातला पुरावा आधी जातो आणि मग पोलीस पोचतात.

त्याच दिवशी मी तिच्या नवऱ्याला भेटायला खोलीवर गेलो. धडधाकट फिटर, पण आता भिंतीला धरून उठत होता. तिकडच्या दवाखान्यात मूत्रपिंडांपर्यंत गेले होते प्रकरण. त्याने सांगितले ते असे. दुसरा डोस एजंटच्या बंगल्यावर झाला. त्याच दिवशी तिकिटे हातात पडणार होती, म्हणून सगळे नटूनथटून गेले होते. एजंट आतून एकेकाला फसफसणाऱ्या पाण्याचा पेला आणून देई. पेला रिकामा करून माणूस ओट्यावर आला की एजंटची म्हातारी आई त्याच्या हातावर दही-साखर घालायची. परमुलखाला निघालेला माणूस, तिकीट हातात आले म्हणजे तो निघालाच, असा तिचा हिशेब.

"लशीची चव कशी होती?" मी विचारले.

तो विचारात पडला. "आठवत नाही, साहेब. तोंडात दह्याचीच चव रायली."

त्या तुकडीतला आणखी एक जण आजारपणामुळे परत आला होता. त्याला विचारले. त्याचेही तेच. लस प्यायलेले दोघेही लशीची चव विसरले होते आणि दही मात्र दोघांच्याही लक्षात होते. दही उत्तमच असावे.

मला लशीतले ओ की ठो कळत नव्हते. नारायण पेठेत माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, परदेशी जाणाऱ्यांना लशी देतात. त्यांच्या दवाखान्यात पाटी आहे, 'येथे प्रवाशांना लस मिळते. प्रवासाचे अनुभव सांगू नयेत.' मी माझे काम सांगितले. ते म्हणाले, "अहो साहेब, लस ही हेल्मेटसारखी. डोकं वाचण्याची शक्यता वाढते, ट्रकखाली झोपायची परवानगी मिळत नाही. पुणेकराला हेल्मेटचं उदाहरण देऊन उपयोग नाही म्हणा, पण तुम्ही पोलीस आहात."

"म्हणजे खरी लस घेऊनही त्याला कॉलरा झाला असेल?"

"असेल. लस घेतली तरी पाणी उकळूनच प्यायचं असतं. त्याच्या आजारावरून लस खोटी होती असं मी कोर्टात सांगणार नाही. आपणही सांगू नये."

मग त्यांनी लस दाखवली. प्रकार वेगवेगळे असतात, पण एजंटने नाव घेतले होते ती ही. एवढीशी बाटली आणि सोबत एक पुडी. पुडी पाण्यात टाकली की फसफसते, त्यात लस मिसळून प्यायची. पोटातल्या आम्लाने लशीची वाट लागू नये म्हणून ती पुडी. दोन डोस, मध्ये किमान आठवडा, आणि दुसऱ्यानंतर आणखी आठवडा गेला की अंगात जोर येतो. "घ्यायच्या आधी तासभर आणि घेतल्यावर तासभर काही खायचं-प्यायचं नाही," ते म्हणाले.

"चहा?"

"काही म्हणजे काही. चहा त्यात येतो."

"आणि दही?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "दह्यानं आपलं काय वाकडं केलंय?" मी सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, "लस देणाऱ्याला एक तर नियम ठाऊक नव्हता, नाहीतर त्याच्याकडे बिघडण्यासारखं काही नव्हतं. यातलं कोणतं, ते शोधणं तुमचं काम."

एजंटला मी नोटीस देऊन बोलावले. तो वेळेवर आला, इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. पिशवीतून त्याने लशीचे रिकामे खोके आणि दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. "साहेब, लस खरी हाय. हे बघा. बाकीची खोकी कचऱ्यात गेली, हे दोन बाटल्यांचं तेवढं राहिलं बघा घरात."

खोके औषध निरीक्षकांना दाखवले. त्यांचा अभिप्राय आला, खोके अस्सल, बाटल्या अस्सल. आमच्या हवालदारांनी सुस्कारा टाकला. "साहेब, केस संपली." बाहेरून पाहता संपलीच होती. आजारी माणसावरून काही सिद्ध होत नव्हते, खोके खरे होते, आणि पेले तर केव्हाच विसळून ठेवलेले. पण मला एक गोष्ट टोचत होती. एवढ्या माणसांना लस दिली, आणि सांभाळून ठेवले ते एका माणसापुरतेच खोके?

दुसऱ्या खेपेला मी त्याला तासभराचा नियम सांगितला. मुद्दामच. चौकशीत मी कधी आरडाओरडा केला नाही. खोटे बोलणाऱ्याला आयती सबब पुढे केली की तो ती घेतो का, हे पाहण्यात अर्धा तपास होतो. बुडत्याला काडीचा आधार, फक्त काडी आपल्या हातातली असावी.

त्याने ती झडप घालून घेतली. "असं हाय व्हय? मग दह्यानंच घात केला बघा, साहेब! आईला काय ठावं? आन् मला तरी कुनी सांगितलं हुतं? मला ठावं असतं तर एकाला तरी खाऊ दिलं असतं का?"

हा जबाब मी शब्दन् शब्द लिहून घेतला. आपले पाप त्याने म्हाताऱ्या आईच्या वाटीत घातले होते, तेही हसतमुखाने. मला त्याचा त्या क्षणी मनस्वी राग आला. पण रागावर तपास चालत नाही.

आता उरली ती आई. बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावे लागते. हा नियम मला कधीच जाचला नाही. आपल्या ओट्यावर बसलेला माणूस ठाण्यातल्या बाकड्यापेक्षा मोकळा बोलतो. महिला अंमलदार बरोबर घेतली आणि मांजरीला गेलो. एजंट कामासाठी शहरात गेला होता.

बंगला मोठा होता, पण म्हातारी मागच्या बाजूला होती, म्हशीपाशी. जमीन गेली, गोठा गेला, पण एक म्हैस तिने विकू दिली नव्हती. आम्हाला बघून ती घाबरली नाही. ताकाचे दोन पेले आणून पुढे ठेवले आणि म्हणाली, "आधी घ्या, मग काय ते इचारा."

"आजी, पोरं आफ्रिकेला निघाली तेव्हा त्यांच्या हातावर दही तुम्हीच घातलं का?"

"तर कोन घालनार? परमुलखाला चाललेली पोरं. कुनाची आय गावाकडं, कुनाला आयच नाय. म्या घातलं समद्यांच्या हातावर."

"सगळ्यांनी घेतलं?"

तिचा चेहरा उतरला. बराच काळ मनात साठलेले कुणी विचारायचीच ती वाट पाहत असावी, तसे झाले. "समद्यांनी घेतलं. माझ्या लेकीच्या पोरानं तेवढं नाय घेतलं. त्यो बी चालला हुता त्यांच्यासंगं. लोकांची लेकरं हात पुढं करत्यात, आन् आपलं रगत हात मागं घेतंय. माझ्या हातचं दही, आन् त्यानं नाय म्हनावं? लय लागलं बघा मनाला."

"का नाही घेतलं त्यानं?"

"म्हनला, आजी, तासभर काय खायाचं नाय मला. मामानं बजावलंय."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. महिला अंमलदाराने माझ्याकडे पाहिले. केस उलगडली होती, आणि ती उलगडून देणाऱ्या बाईला आपण काय बोलून गेलो याचा पत्ता नव्हता. नातवाने दही नाकारले, एवढेच तिचे दुःख होते.

अशा वेळी पटकन लिहून घेऊन निघून येणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मला ते जमणारे नव्हते. मी तिला सगळे सांगितले. कॉलरा म्हणजे पटकी, तिची लस म्हणजे काय, तासभराचे पथ्य काय, आणि तिच्या मुलाने ते पथ्य फक्त भाच्याला सांगितले याचा अर्थ काय. "आजी, तुम्ही आत्ता बोललात ते मी लिहिलं तर तुमच्या मुलाच्या विरोधात जाईल. आज बोलायलाच पाहिजे असं नाही. विचार करा, कुणाला विचारा."

तिने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने विचारले, "ज्याला पटकी झाली, त्यो जगला का?"

"जगला. अजून नीट उभं राहता येत नाही."

"माझ्या हातनं दही खाऊन गेला त्यो," ती म्हणाली. "लिवा तुमी." तिने सांगितले, अंमलदाराने लिहिले. शेवटी अंगठा पुढे करून ती शाई शोधू लागली. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही-अंगठा घेत नाहीत, हे तिला समजावले, तर म्हणाली, "मग कोर्टात यिऊन दीन."

संध्याकाळी एजंट माझ्यासमोर होता. मी एकच प्रश्न विचारला. "भाच्याला लस कुठं दिलीत?"

"समद्यांबरोबरच, साहेब."

"तासभर काही खायचं नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुमचा जबाब आहे. मग भाच्याला बजावलं कुणी?"

"आईनं सांगितलं का?" एवढेच म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याचा सगळा ताठा गळाला. मग भडाभडा बोलला. भाच्याला हडपसरच्या एका क्लिनिकमध्ये नेऊन खरी लस दिली होती, दोन्ही डोस. दुसऱ्या डोसला तर तिथून थेट बंगल्यावर आणले होते, म्हणून तास भरायचा राहिला होता. बाकीच्यांना पाण्यात पित्ताची फसफसणारी पूड. लस महाग पडते, आणि फेस तर दोन्हींना सारखाच येतो. सांभाळून ठेवलेले ते अस्सल खोके भाच्याच्या लशीचे होते.

"घरचं पोर हाय, साहेब," तो म्हणाला. "त्याला काय झालं असतं तर बहिनीला काय तोंड दावलं असतं म्या?"

"माझ्या ठाण्यात अर्ज घेऊन आली तीही कुणाची तरी बहीणच आहे," मी म्हणालो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, म्हणून पुढचे काम आम्ही नीट केले. गुन्हा दाखल केला. खोक्यावरचा लॉटचा क्रमांक हडपसरच्या क्लिनिकच्या साठ्याशी जुळला. बंगल्याच्या झडतीत पित्ताच्या पुड्यांची पेटी मिळाली, पंचनामा झाला. तिकडच्या कारखान्याला कळवले. त्यांनी तिथे असलेल्या आपल्या माणसांना खरी लस दिली. पुढच्या तुकडीची परमिटे मात्र तपासात खरी निघाली. आपली इभ्रत जाते म्हटल्यावर कारखान्याच्या पुण्यातल्या प्रतिनिधीने या तुकडीच्या लशीचा खर्च उचलला आणि निघायची तारीखही पुढे ढकलली. डोस नारायण पेठेतच दिले गेले. डॉक्टरांनी प्रत्येकाला बजावले म्हणे, "तासभर काही नाही. आणि कुणाची आजी बाहेर उभी असेल तर तिला आधी आत पाठवा, मी बोलतो."

या केसने मला एक गोष्ट शिकवली, ती मी पुढे नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत आलो. लबाड माणूस खरे काय ते विसरलेला नसतो. ते त्याने आपल्या माणसांसाठी राखून ठेवलेले असते. म्हणून तो लोकांना काय देतो हे पाहण्यात वेळ घालवू नये, घरच्याला काय देतो ते पाहावे. दुधात पाणी घालणाऱ्याच्या घरचा चहा पिऊन पाहावा. आणि दुसरी गोष्ट त्या म्हातारीची. तिने पुढे कोर्टात येऊन साक्ष दिली. मुलाकडे न बघता दिली आणि खाली उतरताना त्याच्याकडे बघून रडली. कायद्याच्या बाजूने उभे राहणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण एवढी किंमत मोजून उभे राहिलेले त्यांत थोडेच.

राहिले त्या बहिणीचे उत्तर. अटकेची बातमी तिला कळली होती, पेपरातही आली होती. तरी दुसऱ्या डोसनंतरचा आठवडा उलटल्यावर ती भावाला घेऊन ठाण्यात आली. माझ्यापुढे उभी राहिली आणि पहिल्या दिवशीचाच प्रश्न पुन्हा विचारला. "साहेब, जाऊ देऊ का नको?"

"जाऊ द्या, ताई," मी म्हणालो. "पाणी उकळून प्यायला सांगा, आणि जाऊ द्या."

तिने पिशवीतून झाकणाचा डबा काढला. दही होते, साखर घातलेले. भावाने हात पुढे केला आणि तसाच अधांतरी धरून माझ्याकडे पाहिले. एवढा मोठा फिटर, पण तोंडात घालायला धजेना.

"खा," मी म्हणालो. "आता चालतं."

त्याने खाल्ले. मग तिने डबा माझ्यापुढे धरला, आणि मीही हात पुढे केला.